फक्त दोनदा चालवलेली

पुण्यात विकायला निघालेली प्रत्येक जुनी एमटीबी ‘फक्त दोनदा चालवलेली’ असते. दोन्हीदा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत, आणि परतीला टेम्पोतून. टेम्पोचा उल्लेख जाहिरातीत नसतो, एवढंच. २०२० च्या टाळेबंदीत आरोग्याची लाट आली होती. तिच्यातल्या बऱ्याच सायकली अजून बाल्कनीत ओले टॉवेल सांभाळत उभ्या आहेत.

नवखं गिऱ्हाईक पहिलं विचारतं, ‘गिअर किती?’ पुढे तीन, मागे सात, म्हणजे एकवीस. ऐकूनच डोळे चमकतात. त्यातले कित्येक एकमेकांची नक्कल करतात, हे कोण सांगणार? दुसरा प्रश्न, ‘मागेही शॉकअप आहे ना?’ आहे, म्हणूनच घेऊ नये. दहा हजारांच्या बजेटात मिळणारी मागची स्प्रिंग खड्डा कमी आणि तुमचा जोर जास्त खाते. शिवाय वजन असं की जिना चढवायला वॉचमनला हाक मारावी लागते.

साखळी मात्र कुणी मोजत नाही. नव्या साखळीच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. शाळेतली पट्टी पुरते. एक अष्टमांश इंच जास्त भरलं तर साखळी गेलीच, बहुधा मागचे दातेही गेले. पट्टी बाहेर काढताच मालकाला अचानक मीटिंग आठवते.

आणि वेल्डिंगच्या जोडावर स्टिकर का, तेही विचारावं. ‘मुलाची हौस!’ असेल बुवा. तरी नखाने जरा उचलून पाहावा.