समोरच्या काकांचा मे महिन्यातला स्वेटर

अहो, जरा कुंपणापाशी या ना. ऐकलंत का समोरच्या काकांचं? भर मे महिन्यात स्वेटर घालून ओट्यावर बसायचे, तेच. काकू जिला तिला सांगत सुटल्या होत्या, "रिटायर झाले आणि ऐदी झाले, जेवतात की लवंडतात." तोंड सुजलेलं, आवाज घोगरा, पोट साफ नाही... मला तर बाई वाटलं, जाऊ दे, मला काय वाटलं ते.

तर काय सांगत होते, निघालं थायरॉइड! आणि कशानं, तर त्या हार्टच्या गोळीनं. धडधड वेडीवाकडी व्हायची म्हणून सुरू केलेली ती अमिओडॅरोन. आयोडीननं ठासून भरलेली हो! 200 मिलिग्रॅमच्या गोळीत 75 मिलिग्रॅम आयोडीन. त्यातलं सहाएक मिलिग्रॅम रोज रक्तात सुटतं, आणि आपल्याला लागतं 150 मायक्रोग्रॅम. चाळीस पट झालं की! काकांच्या ग्रंथीनं हातच टेकले. कुणाची उलट पिसाटते म्हणे, वजन उतरतं, हात थरथरतात.

काकूंनी लगेच तोऱ्यात जाहीर केलं, "मी मीठच बदललं, आता फक्त सैंधव." तर धाकटी सून हळूच म्हणाली, "आई, त्या गोळीपुढे मिठातलं आयोडीन म्हणजे काहीच नाही." काकूंचं तोंड बघायला हवं होतं!

आणि काका? ऐकताक्षणी परस्पर गोळी बंद. उशीखाली सापडल्या तीन. डॉक्टर असे तापले... अहो, ती अंगातल्या चरबीत मुरते, सोडली तरी महिनोन् महिने निघत नाही. थायरॉइड काही लगेच ताळ्यावर येत नाही, वर पुढे धडधड उठली म्हणजे? आता हार्टची आणि थायरॉइडची, दोन्ही गोळ्या चालू. दर सहा महिन्यांनी थायरॉइडची टीएसएच तपासणी करा, हे फाइलवर आधीच लिहिलेलं होतं बरं का. फाइल कुठे? काकूंच्या कपाटात, पैठणीखाली. सून काही बोलली नाही, नुसतं बघितलंन.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, मग अर्धा तास चहा नाही. काकू घड्याळ लावून बसतात. परवा सकाळी काका आमच्या मागच्या दाराशी, "झाला का हो चहा?" अर्धा कप दिला मी... गोळीचं नंतर आठवलं. काकूंपाशी बोलू नका हं.