स्टोअरकीपर नाना

मुकुंदवाडीत माणसाची ऐपत त्याच्या घरातल्या टाक्यांवरून कळते. नळाला पाणी कधी चार दिवसांनी, कधी आठ दिवसांनी. जायकवाडीहून निघालेल्या पाण्याला वाटेत काय काय कामं निघतात, कोण जाणे! त्यामुळे साठवणीत आमच्याकडचं शेंबडं पोरही तरबेज असतं. पण नानांची सर कुणाला नाही. अंगणाखाली हौद, गच्चीवर काळी टाकी, मोरीत तीन निळे ड्रम, आणि एवढं करून एक भरलेला हंडा आमच्या ओट्यावर. ‘आमचं सगळं गळून गेलं तर?’ हे त्याचं कारण.

नाना चिकलठाणा एमआयडीसीत स्टोअरकीपर होते. पाव इंची नटसुद्धा त्यांनी सहीशिवाय हलू दिला नाही. आता त्यांच्या स्टोअरमध्ये एकच माल उरलाय: 16 जीबीचा पेनड्राइव्ह. त्यात सातबारा, पीएफचे कागद, नातवाच्या जावळाचा व्हिडिओ आणि नानींच्या दोन्ही गुडघ्यांचे फोटो. हा ऐवज लॉकरमध्ये, बोरमाळेच्या डबीत राहतो. बाहेर काढायचा तर आवक-जावक रजिस्टर भरावं लागतं. नेणार स्वतः, आणणार स्वतः, सही स्वतःची. खंडेनवमीला त्याची हळदकुंकू लावून पूजा होते आणि दसऱ्याला आतल्या अक्षता टाचणीनं काढाव्या लागतात.

घेतला त्याच दिवशी नाना दुकानदाराशी भांडून आले होते. खोक्यावर 16 जीबी आणि कॉम्प्युटरवर 14.9. ‘माल कमी आलाय.’ कंपनी हजारानं मोजते आणि कॉम्प्युटर 1024 नं, म्हणून हा फरक दिसतो, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. नानांनी रजिस्टरात ‘तूट 1.1, दुकानदाराचे म्हणणे पटले नाही’ अशी नोंद केली.

झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर त्यांना सार्वजनिक नळावरच्या पेल्यासारखा वाटतो. या बाबतीत मात्र नानांचं बरोबर आहे. दिवसभर गावभरचे पेनड्राइव्ह त्यात जातात. एकदा तिथून आल्यावर नानांचे सगळे फोल्डर गायब होऊन नुसते बाण दिसायला लागले होते. व्हायरसनं मूळ फोल्डर आतच दडवले होते. भाच्यानं ते बाहेर काढून दिले. तेव्हापासून नाना आधी ‘अँटिव्हायरस हाय का?’ विचारतात आणि पोरानं ‘सेफली रिमूव्ह’ मोठ्यानं म्हटल्याशिवाय वस्तू काढू देत नाहीत.

इंजिनिअरिंगला असलेल्या या भाच्यानं मग पेनड्राइव्हला बिटलॉकरचं कुलूप लावून दिलं. पासवर्ड विसरलात तर असावी म्हणून 48 आकडी किल्लीची फाइल घरच्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर ठेवली. ज्या पेनड्राइव्हला कुलूप, त्याच्यातच किल्ली ठेवायला विंडोज नाही म्हणतं. पण विंडोजनं नानांना ओळखलं नव्हतं. भाचा गेल्यावर ‘किल्ली अशी उघड्यावर?’ म्हणून नानांनी ती फाइल उचलून पेनड्राइव्हमध्येच टाकली.

दुसऱ्या दिवशी पासवर्ड आठवेना. भाचा डोक्याला हात लावून बसला.

‘मामा, किल्ली कुठाय?’

‘आत हाय. एकदम सेफ.’

तासाभरानं नानी म्हणाल्या, ‘त्या वहीत बघा की.’ रजिस्टरच्या पहिल्याच पानावर, लाल शाईनं चौकट करून, ‘गुप्त’ असं लिहून, त्याखाली पासवर्ड होता. सुरक्षेच्या सगळ्या नियमांना हरताळ फासला गेला होता, आणि त्यामुळेच सातबारा वाचला!

भाच्यानं आणखी एक सांगितलं. पेनड्राइव्हमध्ये माहिती विजेच्या इवल्याशा भाराच्या रूपात साठवलेली असते आणि वर्षानुवर्षं तो नुसता पडून राहिला तर तो भार हळूहळू झिरपतो. नाना सुन्न झाले. ‘म्हणजे यालाबी गळती?’

मग मीही तोंड उघडलं. कॉम्प्युटरवाल्यांचा 3-2-1 नावाचा नियम आहे: माहितीच्या तीन प्रती ठेवाव्या, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. ‘नाना, पाण्याला तुम्ही हेच करता की! हौद, टाकी, ड्रम, आणि आमच्या ओट्यावरचा हंडा.’ नाना माझ्याकडे बघतच राहिले. हे असे नाना सिडकोपासून पुंडलिकनगरपर्यंत घरोघर सापडतील; पाणी सहा भांड्यांत आणि जन्माची कागदपत्रं एका बोटाएवढ्या वस्तूत.

रविवारी सकाळीच ते नवा पेनड्राइव्ह घेऊन आले. रजिस्टरवर माझी सही घेतली. ‘ही घराबाहेरची प्रत. मीच कॉपी केली, कुणाला हात लावू दिला नाही.’

मी कौतुकानं लॅपटॉपला लावला. सातबारा, पीएफ, जावळ, गुडघे, सगळी नावं होती. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक बाण, आणि जावळाच्या तासाभराच्या व्हिडिओचं वजन 1 केबी. व्हायरस नव्हता. नानांनी मालाऐवजी मालाच्या ठिकाणाकडे बोट दाखवणारे शॉर्टकट तेवढे इकडे आणले होते.

‘नाना, जरा बसा,’ मी म्हणालो, ‘हे काय झालंय—’

तेवढ्यात गल्लीतून आरोळी आली, ‘पाणी आलंऽऽ!’

नाना चपला तिथंच टाकून धावले. मी सही केलेलं रजिस्टर हातात धरून त्यांच्या मागे.