वाचाल तर बॅज मिळवाल

‘वाचाल तर वाचाल’ ही पाटी आपल्या शाळांच्या भिंतींवर इतकी वर्षे आहे, की ती आता कोणी वाचत नाही. काळ बदलला. मुलांना आता ‘वाचा’ म्हणायचे नसते, आव्हान द्यायचे असते, आणि ते डिजिटल असावे लागते. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला ग्रुपवर ‘सोमवारपासून उपक्रम राबवावा, अहवाल तात्काळ’ असा निरोप पडला, की भले भले गुरुजी गांगरतात. त्यांच्यासाठी, तंत्रस्नेही शिक्षक म्हणून कमावलेल्या चार प्रमाणपत्रांच्या बळावर, हे मार्गदर्शन करीत आहे. पहिली ते पाचवीच्या कोणत्याही शाळेत ते लागू पडते. पुस्तके असोत वा नसोत.

१. नाव आणि मुहूर्त

नावात एक इंग्रजी शब्द आणि एक गोल आकडा हवा. ‘चला, गोष्टी वाचू’ हे नाव चालणार नाही. त्यात गोष्टी आणि वाचन सोडून काहीच नाही. ‘सुपर रीडर १००’ चालेल. शंभरच का, असे कोणी विचारलेच तर दिल्लीकडे बोट दाखवावे. १ जानेवारी २०२२ रोजी सुरू झालेले ‘पढे भारत’ अभियान बालवाटिका ते आठवीच्या मुलांसाठी शंभर दिवसांचेच होते. एकशे एकाव्या दिवशी मुलांनी काय करावे, याबद्दल मौन पाळावे.

मुहूर्त १५ ऑक्टोबरचा उत्तम. डॉ. अब्दुल कलाम यांची जयंती राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरी होते, त्यामुळे फोटो, हार आणि फलक शाळेत तयारच असतात. शिवाय लवकरच दिवाळीची सुट्टी लागते, आणि प्रेरणेचे पुढे काय झाले हे विचारायला कोणी उरत नाही.

२. पुस्तकांचा बंदोबस्त

शाळेची पुस्तके लोखंडी पेटीत असतात. तिथेच असू द्यावीत. प्रत्येकावर साठा रजिस्टरचा क्रमांक आहे. पुस्तक एकदा मुलाच्या हाती गेले, की कोपरे दुमडतात, कव्हरवर चहाचा गोल उमटतो, फास्टर फेणे कोणाच्या तरी दप्तरातून घरी जातो आणि तिथून मामाच्या गावाला. बदली झाल्यावर चार्ज देताना ते पुस्तक तुमच्याकडून भरून घेतात. म्हणून पेटीला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला, ही व्यवस्था मोडू नये.

डिजिटल पुस्तक फाटत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून सचित्र गोष्टी फुकट मिळतात, मराठीतही मिळतात, आणि सोप्याकडून अवघडाकडे अशा चार पातळ्यांत लावलेल्या असतात. बालभारतीने १९७१ साली सुरू केलेल्या ‘किशोर’चे जुने अंकही ऑनलाइन वाचता येतात. मात्र निवड मुलावर सोडू नये. सोडली, तर ते म्हशीच्या एका चित्रापाशी दहा मिनिटे रेंगाळते किंवा ‘किशोर’चा एकच अंक घेऊन दुपारभर बसते, आणि आपल्या तक्त्यात भर पडते फक्त एकाची.

३. मोबाइल

घरात फोन एक. तो बापाचा. बाप सकाळी सातला कामावर जातो, रात्री आठला येतो. तोवर दिवसाचा दीड जीबी संपलेला असतो आणि मूल ताटावर डुलक्या घेत असते. या अडचणीवर उपाय सोपा आहे. सूचनेच्या शेवटी ‘पालकांचे सहकार्य अपेक्षित’ हे तीन शब्द टाकावेत. ते कोणत्याही अडचणीवर चालतात.

४. मोजमाप

हा उपक्रमाचा आत्मा. गोष्ट कळली का, वाचताना हसू फुटले का, रात्री भीती वाटली का, हे मोजता येत नाही. तेव्हा ते घडत नाही असे समजावे. जे मोजता येते त्याचे तीन प्रकार आहेत.

पुस्तके मोजली, तर मुले सर्वांत छोटी पुस्तके हुडकतात. पहिल्या पातळीच्या गोष्टीत पानावर एखाददुसरेच वाक्य असते. आमच्या चौथीतल्या एका पठ्ठ्याने एका रविवारी एकेचाळीस गोष्टी उडवल्या. ‘त्यातली एक सांग बघू,’ म्हटल्यावर तो गोंधळला. “सर, सांगायचं पण असतं का?” त्याचे चुकले नाही. सूचनेत तसे कुठेच म्हटले नव्हते.

मिनिटे मोजली, तर फोनवर गोष्ट उघडून तो टीव्हीपुढे ठेवतात. मालिका चालू राहते आणि स्क्रीन काळी पडायच्या बेतात आली, की धाकटी बहीण बोटाने पान सरकवते. त्या बहिणीचे नाव पटावर नसल्याने तिला बॅज देता येत नाही, ही तांत्रिक अडचण आहे.

तिसरा मार्ग ऐकणाऱ्या ॲपचा. गूगलने २०१९ मध्ये भारतात ‘बोलो’ म्हणून आणलेले आणि पुढे ‘रीड अलाँग’ झालेले ॲप मुलाचे मोठ्याने वाचणे ऐकते, अडले तर मदत करते आणि तारे देते. एखादे यंत्र न कंटाळता, मधेच फोन न उचलता मुलाचे वाचन ऐकते, ही आम्हा मोठ्यांना खाली मान घालायला लावणारी गोष्ट आहे. आमच्याकडे यावरही तोडगा निघाला. दुसरीतल्या एका मुलाचे तारे धडाधड वाढू लागले. पोराला अजून ‘ळ’ आणि ‘क’ वेगळे ओळखता येत नव्हते. चौकशीअंती कळले, की रोज रात्री आईच वाचत होती. सातवीत शाळा सुटलेल्या त्या माउलीचे वाचन महिन्याभरात चांगलेच सुधारले. आमच्या उपक्रमाचे सिद्ध झालेले यश ते एवढेच.

५. बॅज

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा १९७३ सालचा एक प्रयोग आहे. त्याची माहिती वरिष्ठांपर्यंत पोहोचू देऊ नये. रंगीत पेनांनी चित्रे काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीची मुले त्यांनी घेतली. काहींना सोनेरी तारा आणि लाल फितीचे प्रशस्तिपत्र आधीच कबूल केले, काहींना चित्रे काढून झाल्यावर अचानक दिले, उरलेल्यांना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच पेने पुन्हा समोर ठेवली. बक्षीस कबूल केलेली मुले आता इतरांच्या निम्माच वेळ चित्रे काढू लागली होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. पहिल्या गटासाठी खेळाची मजुरी झाली होती.

यावरून धसका घेऊन बॅज बंद करायचे कारण नाही. एक आव्हान संपताच दुसरे सुरू करावे, म्हणजे मुलावर बिनबक्षिसाचे वाचून बघायची पाळीच येणार नाही.

६. क्रमवारी

रोज रात्री नऊला पालकांच्या ग्रुपवर क्रमवारी टाकावी. वरच्या तिघांना टाळ्या, तळाच्या तिघांना ‘प्रयत्न वाढवावेत’. तळाला बहुतेक तीच मुले असतात ज्यांना अडखळत वाचल्याची आधीच लाज वाटते. आता ती संबंध गावासमोर वाटेल. पहिल्या क्रमांकाच्या आईला दुसऱ्या क्रमांकाच्या आईने “तुमचा स्वतः वाचतो ना?” असे विचारले, की उपक्रमाला लोकसहभाग मिळाला असे अहवालात लिहावे.

७. हे कटाक्षाने टाळावे

रोज जेवणाच्या सुट्टीआधी दहा मिनिटे गुरुजींनी स्वतः गोष्ट वाचून दाखवणे आणि ऐन रंगात थांबणे. नंतर एकही प्रश्न न विचारणे. कंटाळा आला तर पुस्तक अर्धे टाकायची परवानगी देणे. आवडलेले पुस्तक पाचव्यांदा वाचू देणे. फोनवर वाचायचे असेल तर मुलाशेजारी बसून वाचणे आणि “पुढे काय झालं असेल?” असे मधेच विचारणे. यातले काही केले, तर मुले आपणहून वाचू लागतात. तो आकडा कोणत्याही रकान्यात बसत नाही आणि आव्हानाची गरजही उरत नाही.

८. पुरावा

फोटोशिवाय वाचन झाले असे धरत नाहीत. इथे एक पेच येतो: मोबाइल धरलेले मूल फोटोत गेम खेळताना वाटते. त्यामुळे डिजिटल वाचनाच्या फोटोसाठी पेटी उघडून खरी पुस्तके काढावी लागतात. मुलांना दोन ओळींत बसवावे, पुस्तक छातीशी, मुखपृष्ठ कॅमेऱ्याकडे, नजर समोर. या स्थितीत वाचता येत नाही, पण वाचन दिसते उत्तम.

आम्ही असाच फोटो काढला. सत्तावीस मुले होती. दुसऱ्या ओळीतल्या तिसरीच्या एका मुलीने पुस्तक उलटे फिरवून मांडीवर उघडले होते. तिची मान खाली, ओठ हलत होते. मी म्हटले, “वर बघ गं.” तिने बघितले आणि पुन्हा खाली. फोटो खराब झाला. मी दुसऱ्यांदा ओरडलो, तेव्हा तिने बोट पानात ठेवून पुस्तक मिटले. तिसरा फोटो चांगला आला. सात मिनिटांत पुस्तके मोजून पेटीत गेली. मी तिचे पुस्तक घेताना ती म्हणाली, “सर, माझं एकच पान राहिलंय.”

अहवालात ‘वाचन करणारे विद्यार्थी’ या रकान्यात मी २७ लिहिले. त्या सात मिनिटांत वाचत होती ती एकटी, आणि तिला मीच दोनदा थांबवले.