एंटर कुणी शिकवायचं?

"सर, मी बेचाळीसच टाकलेत. हा म्हणतो, यात अंक नसलेलं काहीतरी आहे."

शनिवारच्या आमच्या बॅचमधली मुलगी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या अधिकृत पुस्तकात दुसऱ्याच प्रकरणात आकडा ओळखण्याचा एक खेळ आहे. तो तिने न बघता, स्वतःच्या हाताने लिहायला घेतला होता. सगळं बरोबर होतं, फक्त एक शब्द राहिला होता: ट्रिम. कीबोर्डवरून ओळ वाचली की रस्ट ४ घेतं, २ घेतं आणि शेवटी दाबलेलं एंटरही घेतं. विंडोजवर तर त्या एंटरची दोन चिन्हं येतात. त्यांच्यासकट ‘बेचाळीस’चा आकडा करायला सांगितलं, तर ते नकारच देणार. ट्रिम लावलं, शेवटचं एंटर छाटलं गेलं आणि खेळ सुरू झाला.

या एका शब्दापायी तिच्या दोन संध्याकाळी गेल्या होत्या. तिने एका अनुभवी माणसाला विचारलं होतं. त्याने उत्तर दिलं, "बेसिक्स पक्के कर." मला राग येतो तो या उत्तराचा. एंटरचेही बाइट असतात, हे जर बेसिक नसेल तर बेसिक म्हणजे काय? आणि ते पक्कं करण्यासाठीच तर ती विचारत होती.

सिस्टिम्सची भाषा शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यात पडणारे प्रश्न असेच असतात, हाताला लागणारे. मेमरीचं तत्त्वज्ञान कुणी विचारत नाही. "हे चालत का नाही?" एवढंच विचारतात, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा दोन वाक्यांत देता येतं. ती दोन वाक्यं न देता माणसं पुस्तकाचं नाव देतात.

ट्रिम झाल्यावर तिने मराठी कळफलक लावून ‘४२’ टाकले. पुन्हा तोच नकार. हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण तो इंग्रजीत शिकणाऱ्याला कधी पडणारच नाही. पायथनमध्ये देवनागरी ‘४२’ दिले तर तो मुकाट्याने बेचाळीस समजतो. रस्ट समजत नाही. त्याच्या लेखी पूर्णांक वाचताना अंक म्हणजे फक्त इंग्रजी कळफलकावरचे दहा. गंमत म्हणजे तेच ‘४’ हे चिन्ह संख्यावाचक आहे का, असं विचारलं तर रस्ट होय म्हणतं. मग काय करायचं? युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि नवाचा २४१५. आलेल्या चिन्हाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की हातात अंक येतो. चार-पाच ओळींचं फंक्शन आहे. तिने ते लिहिलं, आणि त्या संध्याकाळी बॅचमधल्या सगळ्यांना एकदम कळलं की संगणकाला अक्षर दिसत नाही, क्रमांक दिसतो. हे मी तासभर फळ्यावर सांगून कळलं नसतं.

तोच धागा पुढे. ‘पुस्तक’ या शब्दाची लांबी विचारली तर रस्ट १८ सांगतं. आपण म्हणतो अक्षरं तीन: पु, स्त, क. युनिकोडच्या हिशेबात चिन्हं सहा, कारण उकार वेगळा आणि हलन्त वेगळा. प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणून अठरा. आणि रस्ट ‘तिसरं अक्षर दे’ म्हणू देत नाही, म्हणून नवखे वैतागतात. पण तिसरं म्हणजे कुठलं? तिसरा बाइट हा उकाराच्या आधीच्या ‘प’चा शेवटचा तुकडा आहे. तो छापायचा कसा? अधिकृत पुस्तकात हे समजावताना ‘नमस्ते’ हाच शब्द घेतला आहे, देवनागरीत. आपल्या लिपीमुळे जगाला हा मुद्दा समजतो आणि आपल्याच वर्गात तो ‘ॲडव्हान्स्ड’ म्हणून सोडून देतात. सोडू नका. मराठी पोराला जोडाक्षर पहिलीपासून येतं, त्याच्याइतकी तयारी कुणाचीच नाही.

आता मालकी. रस्टचं नाव काढलं की सगळे इथे घाबरवतात.

तिने उधारीच्या वहीचा प्रोग्रॅम लिहिला. व्हेरिएबलला नाव दिलं ‘गिऱ्हाईक’, देवनागरीतच. जून २०२१ च्या १.५३ आवृत्तीपासून रस्टमध्ये ते चालतं. त्यात स्ट्रिंग ठेवली, छापायच्या फंक्शनला दिली आणि खालच्या ओळीत पुन्हा वापरली. एरर, ई०३८२. पोरं एरर आली की नंबर उचलून शोधायला पळतात. मी म्हटलं, आधी पडद्यावर काय लिहिलंय ते वाच, मोठ्याने. तिने वाचलं. कंपायलरने तीन जागांवर बोट ठेवलं होतं: ही किंमत इथे जन्मली, इथे फंक्शनच्या स्वाधीन झाली, आणि त्यानंतर तू ती इथे मागते आहेस. खाली फंक्शनकडे बोट दाखवून सुचवलं होतं की मालकी नकोच असेल तर नुसती बघायला घे. आणि शेवटी: खर्च परवडत असेल तर क्लोन कर, म्हणजे दुसरी प्रत काढ. तक्रार, कारण आणि दोन उपाय. इतकं नीट सांगणारा माणूस मला नोकरीत फार क्वचित भेटला.

लगेच दुसरा प्रश्न आला, आणि तो जास्त चांगला होता. "उधारीची रक्कम मी अशीच दिली होती, ती का गेली नाही?" कारण रक्कम हा चार बाइटचा आकडा आहे, तो देताना आपोआप प्रत निघते आणि दोघांकडे आपापला आकडा राहतो. स्ट्रिंगचं तसं नाही. तुमच्या हातात असतो तो पत्ता, लांबी आणि क्षमता, आजच्या ६४ बिटच्या यंत्रावर २४ बाइट. खरा मजकूर दुसरीकडे, मेमरीच्या हीप नावाच्या भागात. पत्त्याच्या दोन चिठ्ठ्या झाल्या आणि दोघांनी काम संपल्यावर तीच जागा रिकामी केली, तर दुसऱ्यांदा रिकामी होते ती कदाचित तिसऱ्याची असते. म्हणून मालक एकच. आपल्याकडे सातबाऱ्यावर आठ वारसांची नावं असतात आणि त्याचं पुढे काय होतं ते आपण जाणतो. इथे एकच नाव.

‘बॉरो’ला मराठीत ‘उसनं घेणं’ म्हणतात ते मला पटत नाही. उसनी वाटीभर साखर परत येते तेव्हा ती वेगळी साखर असते. इथे तीच वस्तू परत येते. दुकानातली वही बघायला दिली, असं म्हणा. दहा जण एकाच वेळी बघू शकतात. पण एखादा त्यात खाडाखोड करणार असेल, तर तेवढा वेळ वही त्याच्या एकट्याच्या हातात, बाकीच्यांनी डोकावायचंही नाही. हा नियम तपासणाऱ्या बॉरो चेकरचा निम्मा धाक एवढ्या वाक्यात जातो.

मग क्लोन करावं का? करावं. पहिला महिना बेलाशक करावं. क्लोन म्हणजे हार, असं सांगणाऱ्यांनी किती शिकणारे घालवले आहेत! प्रोग्रॅम चालू द्या, मग एकेक क्लोन काढत जा. प्रत्येक काढलेल्या क्लोनबरोबर मालकीचा एक धडा पक्का होतो.

"एवढी कटकट कशाला?" याचं उत्तर २००६ सालात आहे. ग्रेडन होअर तेव्हा मोझिलात होता. व्हँकूव्हरमधल्या त्याच्या इमारतीतली लिफ्ट सॉफ्टवेअर कोलमडून बंद पडलेली, आणि घर एकविसाव्या मजल्यावर. अशी सॉफ्टवेअर बहुधा सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली असतात आणि मेमरीच्या चुकीने कोसळतात, हे त्याला माहीत होतं. त्याने स्वतःची भाषा लिहायला घेतली, तीच रस्ट. १.० आवृत्ती मे २०१५ मध्ये आली. नाव लोखंडाच्या गंजावरून नाही. पिकावर पडणाऱ्या बुरशीवरून आहे, गव्हाच्या शेतकऱ्याला विचारा, तो तांबेरा म्हणेल. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं की ते दरवर्षी बुजवतात त्या सुरक्षेच्या भोकांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकांची असतात. कटकट आहे ती यासाठी.

"आधी सी शिकून या." हे वाक्य बंद करा. सी शिकावीच, लिनक्सचा गाभा आजही बहुतांश सीमध्येच आहे आणि डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून त्यात रस्टलाही जागा मिळाली आहे. पण सी ही प्रवेश फी नव्हे. आपल्याकडे कित्येक मुलं टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर शिकली. दहा घरांच्या ॲरेत अकराव्या घरात लिहिलं तरी तो पडदा काही बोलत नाही. ‘चाललं म्हणजे बरोबर’ ही सवय तिथे लागते आणि ती मोडायला वर्षं जातात. रस्ट तिथल्या तिथे थांबतं: लांबी १०, मागितलेला क्रमांक १०. क्रमांक शून्यापासून मोजतात, तेव्हा दहा क्रमांकाचं घर नाहीच.

वेगाची तक्रारही दर बॅचला येते. "पायथनपेक्षा हळू चालतंय." कार्गो म्हणजे रस्टचं बांधणीचं साधन; साधं कार्गो रन केलेलं असतं, म्हणजे तपासणीची आवृत्ती. मागे रिलीज लावा, मग बोला. आणि नुसतं चुका बघायच्या असतील तर पूर्ण बांधणी न करता कार्गो चेक करा, वेळ वाचतो.

एका मुलाने वसतिगृहात मोबाइलच्या डेटावर रस्ट उतरवलं. पहिलीच आज्ञा दिली, तर लिंकर सापडत नाही. विंडोजवर रस्ट यंत्रभाषेचे तुकडे तयार करतं, ते सांधणारा लिंकर मात्र सहसा मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या साधनांतला लागतो, आणि ती काही जीबींची असतात. दिवसाला दीड जीबी मिळणाऱ्या मुलाला हे आदल्या दिवशी सांगायला हवं होतं. ती चूक शिकवणाऱ्याची. लिनक्स असेल तर जीसीसी टाकलं की भागतं. आणि काहीच जमत नसेल तर ब्राउझरमधलं रस्ट प्लेग्राउंड फोनवरही उघडतं, मालकीचे धडे गिरवायला तेवढं पुरे.

निघताना त्या मुलीने आणखी एक विचारलं. लॅपटॉप भावाचाही आहे, जागा संपली म्हणून तो ओरडतोय, हे टार्गेट नावाचं फोल्डर एवढं कसं वाढलं? प्रत्येक बांधणीचे अर्धे-कच्चे तुकडे तिथे साठतात, पुढची बांधणी लवकर व्हावी म्हणून. कार्गो क्लीन म्हणायचं, ते सगळं जातं, तुझा कोड राहतो. तिने उभ्याउभ्याच आज्ञा दिली. किती फायली गेल्या आणि किती जागा सुटली हे कार्गो स्वतः सांगतं. तो आकडा तिने वहीत उतरवून घेतला, भावाला दाखवायला.