आर टेप लोडिंग एरर

आजकालची सॉफ्टवेअरं फार मवाळ बोलतात. काही बिघडलं की 'अरेरे, काहीतरी चुकलं! थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा' असं म्हणून एक रडवेलं चित्र दाखवतात. काय चुकलं, कोणाचं चुकलं आणि थोडा वेळ म्हणजे किती, सगळं गुलदस्त्यात. मुलगी पसंत नाही हे सांगण्याऐवजी 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप पाठवतात, त्यातलाच हा प्रकार.

आमचा जुना संगणक, झेडएक्स स्पेक्ट्रम, असा नव्हता. ओळीत व्याकरण चुकलं की तो ती ओळ घेतच नसे. चुकीच्या जागी प्रश्नचिन्ह लुकलुकवत बसे. त्यातूनही भलतंसलतं काही चालवायला दिलं, तर पडद्याच्या तळाशी तीन शब्द उमटत: 'नॉनसेन्स इन बेसिक'. म्हणजे मूर्खासारखं बोलू नकोस. आमच्या गणिताच्या सरांखेरीज मला इतकं स्पष्ट कोणी सांगितलेलं नाही. आणि सगळं सुरळीत झालं तर? 'झीरो ओके'. शाबासकी नाही, फुगे नाहीत, पाच तारे द्या अशी गळ नाही.

हे यंत्र 1982 साली इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी बाजारात आणलं. साडेतीन मेगाहर्ट्झचा झेड-80 प्रोसेसर, 48 के मेमरी, किंमत 175 पौंड. त्याचा भारतीय अवतार पुढे 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने आला, तो आमच्या घरी. 48 के म्हणजे किती? आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर एक काका रोज पहाटे गुलाबाच्या फुलासकट 'शुभ सकाळ' पाठवतात. ते एक फूल त्यात मावायचं नाही. शिवाय त्या 48 मधले जवळजवळ सात के नुसता पडदाच खायचा.

गेम कॅसेटवर असे. 'जे' दाबलं की 'लोड' हा अख्खा शब्द उमटे, मग दोनदा अवतरणचिन्ह, एंटर, आणि टेपरेकॉर्डरचं प्ले बटण. पडद्याच्या कडेने आधी लाल-निळसर, मग निळे-पिवळे पट्टे धावू लागत आणि डुकराची शेपटी दारात सापडावी असा आवाज घरभर घुमे. पाचेक मिनिटं हे चाले. तेवढ्या वेळात आईने मिक्सर लावायचा नाही, बाबांनी ट्यूबलाइट लावायची नाही आणि टेबलाजवळून कोणी जायचं नाही. शेवटच्या काही सेकंदांत पट्टे अडखळत आणि यंत्र शांतपणे जाहीर करी: 'आर टेप लोडिंग एरर'. मग बारीक स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारचा स्क्रू केसभर फिरवायचा, कान लावून आवाज पुरेसा कर्कश झाला का ते बघायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. माझ्या मित्राकडची कॅसेट तर नाट्यसंगीतावर टेप केलेली होती. गेम लोड झाल्यावर प्ले बंद करायला उशीर झाला, की किंकाळीच्या शेपटाला जोडून वसंतराव तान घेत.

याला सुवर्णकाळ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. ते अत्यंत गैरसोयीचं होतं. 'तेव्हाचे प्रोग्रॅमर कसे बाइट बाइट जपून, मन लावून, वेळ घेऊन लिहायचे' हेही अर्धंच खरं. वेळ कोणाकडे होता?

माझी भाची मुक्ता हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहिते. दर पंधरवड्याला तिचं काहीतरी 'रिलीज' असतं आणि त्या आठवड्यात ती फोन उचलत नाही. ती एकदा वैतागून म्हणाली, "मामा, तुमच्या वेळी अर्धवट माल पाठवत नसतील ना?"

मी तिला स्पेक्ट्रमच्या रॉमची गोष्ट सांगितली. 16 के रॉम. त्यातलं बेसिक स्टीव्ह व्हिकर्स यांनी लिहिलं. पण यंत्र बाजारात न्यायची घाई इतकी, की रॉम पुरती पक्की व्हायच्या आतच चिपवर चढली. हजाराहून जास्त बाइट तर त्यात कोरेच राहिले. थोड्याच दिवसांत व्हिकर्स आणि हार्डवेअर करणारे रिचर्ड आल्टवासर नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढायला निघून गेले. "हे तर आमच्याच टीमचं चाललंय," मुक्ता म्हणाली.

पुढच्याच वर्षी लोगन आणि ओहारा या दोघांनी त्या रॉमची सूचना न् सूचना उकलून, चुकांवर बोट ठेवून पुस्तकच छापलं. ते मी तिच्यापुढे ठेवलं. त्यात एक जागा आहे: बाहेरून ठरावीक सिग्नल आला की मेमरीत लिहून ठेवलेल्या पत्त्यावर जायचं, आणि पत्ता शून्य असेल तर मुकाट्याने परत यायचं. प्रत्यक्षात झालंय उलटं. पत्ता दिला तर यंत्र मुकाट परत येतं. शून्य असेल तर शून्यावरच उडी मारून पहिल्यापासून सुरू होतं. 'शून्य असेल तर' ऐवजी 'शून्य नसेल तर'. हेक्समध्ये 28 ऐवजी 20. म्हणजे एका बिटाचा फरक.

मुक्ताने ते दोनदा वाचलं. "मग फिक्स कधी आला?"

"फिक्स कुठून येणार? चिपमध्ये कोरलंय. घरोघरी जाऊन बिट बदलणार का?"

घाई तीच, चुका त्याच. पण त्या चुका पत्ता बदलत नसत. आम्हाला त्या ठाऊक असत, आम्ही त्यांना वळसा घालून जात असू. आजची चूक शोधून, तिची सवय करून घ्यावी, तोवर मंगळवारच्या अपडेटात ती गेलेली असते आणि तिच्या जागी नवी, अनोळखी.

सारवासारव मात्र तेव्हाही आजच्याइतकीच प्रगत होती. 1984 साली 'जेट सेट विली' नावाचा गेम आला, मॅथ्यू स्मिथचा. त्यात माळ्यावरच्या खोलीत गेलं की एका सरकत्या बाणामुळे मेमरीतला भलताच भाग खराब होई आणि मग इतर काही खोल्यांत पाऊल टाकताच विली मरे. गेम पुरा करणंच अशक्य. प्रकाशकांनी काय सांगावं? ही चूक नव्हेच. त्या खोल्यांत विषारी वायू भरलेला आहे. पुढे निमूटपणे दुरुस्तीचे 'पोक', म्हणजे मेमरीतला आकडा थेट बदलणारे हुकूम, द्यावे लागले, ते लोकांनी हाताने टाइप केले.

मुक्ताला हे फार आवडलं. इतकं, की परवा ती आमच्याकडून काम करत असताना क्लायंटला अगदी गंभीरपणे सांगत होती की बटण दोनदा दाबल्यावर पैसे दोनदा कापले जातात ते 'अपेक्षितच' आहे, आणि मी चहा ठेवता ठेवता म्हणालो, "पॉयझन गॅस!"

ती म्यूटवर नव्हती. पलीकडे क्षणभर कोणी बोलेना. मग मँचेस्टरच्या त्या साठीच्या साहेबांनी विचारलं, "जेट सेट विली?"

पुढचा सगळा वेळ त्यांनी आणि मी स्क्रूड्रायव्हरच्या मापावर घालवला. पैसे अजून दोनदाच कापले जातात.