पणजोबा, कंपनी बी

आमच्या पणजोबांचं नाव मला येत नाही. दर पितृपक्षात गुरुजी विचारतात, मी खोकतो, गुरुजी समजून घेतात आणि तर्पण पुढे सरकतं. असा माणूस दुसऱ्याचे पूर्वज शोधायला निघाला, याचा दोष मुलाकडे अमेरिकेत काढलेल्या सहा रिकाम्या महिन्यांना द्या.

शेजारच्या आजी मूळच्या नॉर्थ कॅरोलिनाच्या. त्यांच्या पणजोबांचा भाऊ तिकडच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या, म्हणजे कॉन्फेडरेट फौजेत होता, जानेवारी १८६५ मध्ये फोर्ट फिशर पडला तेव्हा पकडला गेला, न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराच्या कैदी छावणीत आला आणि तिथेच वारला. थडगं बेपत्ता. "मी चाळीस वर्षं रेकॉर्ड सेक्शनला काढलीत," मी चहात बिस्कीट बुडवत म्हणालो. किती जागेपणी, ते सांगितलं नाही.

आजींनी नावाची चिठ्ठी दिली आणि मी महिनाभर जुन्या कागदांच्या छायाप्रतींवर डोळे फोडले. माझा शिपाई एका कागदात तापाने गेला, दुसऱ्यात धडधाकट घरी परतला आणि तिसऱ्यात तर त्याने म्हातारपणी पेन्शनचा अर्ज ठोकला. सून म्हणाली, "बाबा, मालिकेतसुद्धा माणूस इतक्यांदा परत येत नाही."

शेवटी मुलाचा रविवार खर्ची घालून, आजींना आणि नातवाला गाडीत कोंबून, एल्मायराच्या वुडलॉन दफनभूमीत गेलो. वर्षभर चाललेल्या त्या छावणीत बारा हजारांवर कैदी आले आणि त्यातले जवळजवळ तीन हजार हगवण, देवी, थंडी यांनी गेले. त्यांच्या दगडांना वर टोक असतं. उत्तरेच्या यांकींनी वर बसू नये म्हणून, असं तिकडे गमतीने सांगतात. पाय भरून आले म्हणून मी नकळत एकावर टेकायला गेलो. मी यांकी नाही, हे दगडाला काय माहीत!

या सगळ्यांना मूठमाती दिली जॉन डब्ल्यू. जोन्स यांनी. हे गृहस्थ १८४४ साली व्हर्जिनियातल्या गुलामीतून पळून आलेले. पण जे गुलामगिरी टिकवणाऱ्या बाजूने लढले, त्यांचीच नावं त्यांनी इतकी नेटाने टिपून ठेवली की तीन हजारांत अनोळखी राहिले फक्त सात. "आपला माणूस त्या सातांतलाच," मी जड आवाजात जाहीर केलं. आजींनी डोळे पुसले, मी पुसले, मुलाने घड्याळ पाहिलं, तेवढ्यात नातवाने माझ्या हातातली चिठ्ठी ओढली. "आजोबा, हा टी आहे. तुम्ही एफ शोधताय."

टी चार पावलांवर उभा होता. नाव, कंपनी, रेजिमेंट, सगळं कोरलेलं.

जोन्सनी तीन हजार नावं सांभाळली, मला एक अक्षर सांभाळता आलं नाही.

परवा पितृपक्षात गुरुजींनी नेहमीप्रमाणे पणजोबांचं नाव विचारलं. महिनाभराचं पाठांतर, मी ठणठणीत आवाजात म्हणालो, "प्रायव्हेट, कंपनी बी."

या वेळी गुरुजी खोकले.