ढगाचा पत्ता, पुणे ३०

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं आणि मुठेचं पाणी नारायण पेठेत शिरलं. ज्यांच्या चोपड्या तळमजल्यावर होत्या, त्यांचा लगदा झाला. दुसरी प्रत? असलीच तर त्याच कपाटात, खालच्या खणात.

आता पेठेत हायब्रिड क्लाउड आलाय: एक प्रत दुकानात, दुसरी दूरच्या सर्व्हरवर. प्रत्यक्षात हार्ड डिस्क संगणकाच्या डोक्यावर, संगणक तळमजल्यावर आणि नदी होती तिथंच. क्लाउडची वर्गणी मार्चमध्ये संपली; तसा मेल नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटला जातो.

२०२२ पासून कंपन्यांना हिशेबाचा बॅकअप रोज भारतातल्याच सर्व्हरवर ठेवावा लागतो. पेठेला हे फारच मानवलं, कारण मायक्रोसॉफ्टचं ‘सेंट्रल इंडिया’ केंद्र २०१५ पासून पुण्यातच आहे. परगावी काही धाडायलाच नको! एक प्रत मुंबईत ठेवा म्हटलं, तर उत्तर तयार: “तिथं दरवर्षी तुंबतं.”

बॅकअप परत उतरवून पाहिलाय का, हा प्रश्न मात्र उद्धटपणाचा. जानेवारी २०१७मध्ये गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचा डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाच तऱ्हांपैकी एकही धड चालली नाही. एका इंजिनिअरने सहा तास आधी सहज घेतलेल्या प्रतीने अब्रू राखली. पेठेत हे खातं भाच्याकडे असतं. तो हिंजवडीत असतो, शनिवारी येतो.